बाबू, विद्यापीठ पाहिलं

विद्यापीठ वसाहत,
ता. २१ जून १९९८

बाबू खगेश्वर,

समलेई देवीच्या कृपेने सुखरूप पोचले. बसमध्ये मी ओकले नाही, हे आधी सुनेला सांग, तिला मोठी खात्री होती. गाय दूध देते ना? बियाण्याला ऊन दाखवलंस का?

तू मला इथे का पाठवलंस ते मला कळतं. म्हातारी जाईल तिथे नाक मुरडते, इथेही मुरडेल, मग तुझ्या रश्मिताला "विद्यापीठ आजीच नको म्हणाली" असं सांगून तू मोकळा. तर आता पाहिलं ते ऐक.

सालाची झाडं इतकी की वर्ग हुडकावे लागतात. मुलींच्या वसतिगृहाला दिवेलागणीला कुलूप पडतं. दारावरच्या बाईने माझी गुडाखूची डबी काढून घेतली, आत तंबाखू चालत नाही म्हणाली. मी म्हटलं, बाई, लग्नाआधीपासून मी हीच दाताला चोळते. ती म्हणाली, मग दात दाखवा. दाखवायला काय उरलंय? निघताना डबी परत मिळाली. तुला पोरीवर पहारा हवा होता ना? असा पहारा आपल्या कोठारालाही नाही.

जेवूनही पाहिलं. डालमाच्या डाळीत नुसता भोपळा, पखाळ भात मात्र छान आंबलेला. मुली एकमेकींच्या ताटातलं खातात, कुणाची जात कोणती ते विचारत नाहीत. लिहिणारी म्हणते, हे नको लिहायला. मी म्हणते, लिही.

पुस्तकांच्या घरात सगळे गप्प. एवढी माणसं आणि भांडण नाही, माझा जीव घाबरा झाला. एका वर्गात आपण घरी बोलतो ती बोलीच शिकवतात. म्हटलं, मग पगार मला द्या. मास्तर हसले आणि स्वतःची खुर्ची दिली. बरी आहे खुर्ची.

सरकारी जागा, त्यामुळे भिंतींचे पोपडे निघालेत आणि दुपारी नळाला पाणी नसतं. फी मात्र शहरातल्यासारखी गळा धरत नाही. खोड काढायला पाठवलंस म्हणून पोपडे सांगितले.

आता तू म्हणशील, आई मुद्द्याचं बोलत नाही. अक्षर तू पहिल्या ओळीलाच ओळखलं असशील. पाटीवर तुझा हात धरून जिने तुला गिरवायला शिकवलं, तीच लिहिते आहे. वसतिगृहात मी एक रात्रही काढली नाही. तुझ्या थोरल्या बहिणीकडे, सुकांतीकडे राहते आहे.

शिकायला पाठवली आणि विणकराच्या घरात जाऊन बसली, असं तू गावभर सांगतोस. बसलेली नाही रे. सकाळी इथल्या पोरांना झाडपाल्याचं शास्त्र शिकवते, मुलींच्या वसतिगृहावर देखरेख ठेवते आणि संध्याकाळी मला ओरडते, अगदी तुझ्यासारखी. जावई पोस्टात आहे. सकाळचा चहा तोच करतो. आपल्या घरात कुणा पुरुषाने केला होता?

काल मी तिला सरळ विचारलं, या विद्यापीठाने तुला आमच्यापासून तोडलं का गं? पोरीने तांदळाचं सूप पुढे ओढलं. मग म्हणाली, "आई, नुआखाईला इथे सगळ्यांना सुट्टी असते. नव्या भाताचा घास घ्यायला जो तो आपल्या गावी जातो. वसतिगृह रिकामं होतं. मी कुलूप लावायला थांबते."

इथे अक्षर वाकडं आलं असेल तर ती रडते आहे. नाही म्हणते. मग वाकडं का?

शिकायला गेलेली मुलगी परत येत नाही, हीच तुझी भीती ना? ही इतकी वर्षं यायला बसली आहे. दार तू लावलंस, बाबू, विद्यापीठाने नाही. आणि मी आतून कडी घालणाऱ्यांत नव्हते, पण उघडायलाही उठले नाही.

शुक्रवारपर्यंत नाव घालायचं आहे. रश्मिताला दुसऱ्या कुणाबरोबर पाठवू नकोस, तू स्वतः घेऊन ये. मुलीला कुठे सोडतोय ते बापाने डोळ्यांनी पाहावं. बसमधून उतरलास की डाव्या हाताचा चढ चढ, चौथं घर. जेवल्याशिवाय निघायचं नाही. आणि नुआखाईचा जुहार धाकट्याने थोरलीच्या पाया पडून करायचा असतो. तो तू इथे केलास तरी चालेल, पण आपल्या अंगणात केलास तर मला आवडेल.

तू येईपर्यंत मी इथून हलत नाही.

तुझी, आणि हिचीही,
आई