कौतुकावरचा प्रबंध

नाना, परवा माझा व्हायवा झाला आणि मी सुटले. व्हायवा म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं. पीएच.डी.चा प्रबंध लिहून दिला की बाहेरच्या विद्यापीठातून एक तज्ज्ञ येतात, चारचौघांसमोर प्रश्न विचारतात, आणि मग ठरतं की या बाईंना डॉक्टर म्हणायचं की नाही. औषधं देणारे डॉक्टर नव्हेत. आमच्या कॉलेजच्या शिपायाला मात्र हे पटलेलं नाही, परवापासून तो मला गुडघेदुखीवर उपाय विचारतो आहे. जळगावच्या बी.एड. कॉलेजात मी शिकवायला लागले तेव्हा तुम्ही होतात, पण प्रबंधाचं सगळं रामायण तुमच्या माघारी झालं. विषय शैक्षणिक मानसशास्त्रातला. शीर्षक लांबलचक आहे, एका दमात वाचता येत नाही, पण त्यातलं म्हणणं साधं आहे: शिक्षकानं तोंडावर कौतुक केलं, तर मुलं अवघड गणिताला जास्त वेळ चिकटून राहतात का? हसू नका. हा विषय मला कुठून सुचला हे तुम्हाला कुणी सांगायला नको.

चौथीच्या स्कॉलरशिपचा निकाल लागला तो दिवस मला अजून दिसतो. आपल्या धुळे तालुक्यातल्या त्या गावात तुम्हीच माझे वडील आणि तुम्हीच माझे गुरुजी. घरात नाना, शाळेत गुरुजी, आणि माझी नेहमी गल्लत व्हायची. आई चुलीपुढे कळण्याची भाकरी थापते आहे, तव्यावरच्या मिरच्यांचा ठसका घरभर पसरला आहे, आणि हेडमास्तर दारातूनच ओरडत येतात, “गुरुजी, तुमनी पोरनी शाळानं नाव काढं!” मी खांबाला धरून उभी. आता तुम्ही काहीतरी म्हणणार, निदान माझ्याकडे बघणार. तुम्ही शिंकताशिंकता पदरची दोन अक्षरं टाकता, “जमनं कसंतरी.” आणि मग माझ्याकडे वळून, “पुढलं काढ.” वर्गात गणित बरोबर आलं की तुम्ही पाटीवर नजर टाकून हेच म्हणायचात, पुढलं गणित काढ. शाबास हा शब्द तुमच्या तोंडून कुणी ऐकलेला नव्हता. मी मागच्या दारी जाऊन मनसोक्त रडले. आई पिठाचे हात तसेच घेऊन मागे आली आणि म्हणाली, “त्यास्ना सभावच तसा शे.” पुढच्या बाजाराच्या दिवशी तुम्ही धुळ्याहून पाचवीची जुनी पुस्तकं आणलीत, घरी खळ शिजवून त्यांना खाकी कव्हरं घातलीत आणि एक शब्द न बोलता माझ्या दप्तराशेजारी ठेवलीत. मला वाटलं, झालं, आणखी अभ्यास आला.

कॉलेजात गेल्यावर मला जरा तोंड फुटलं होतं. एकदा तुम्ही ओट्यावर बसून दाढी करत होतात तेव्हा मी सरळ विचारलं, “नाना, एकदा तरी चांगलं म्हणा ना.” तुम्ही आरशातूनच माझ्याकडे पाहिलंत. “तोंडवर चांगलं म्हनं का पोर तठेच थांबी जास,” म्हणालात, आणि वस्तरा पुन्हा गालावर. कौतुक केलं की मूल तिथंच थांबतं, हा तुमचा सगळा सिद्धान्त. त्याला ना कसला पुरावा, ना कसली चाचणी. मला इतका राग आला होता की त्या दिवशी मी जेवले नाही. पुढे तुम्ही गेलात, आणि तो राग माझ्याकडेच राहिला. फिर्याद करणारी मी, साक्षीदारही मी, आणि ज्यांच्यावर फिर्याद ते उठून गेलेले. म्हणून पीएच.डी.ला नाव घातलं तेव्हा मार्गदर्शक सरांना मी अभिप्रेरणा, प्रबलन वगैरे मोठमोठे शब्द ऐकवले. खरी गोष्ट अशी होती की नाना चुकले, हे मला आकड्यांनी शाबीत करून हवं होतं. तसं झालं असतं तर डिग्रीही मिळाली असती आणि जीवही थंड झाला असता.

काम साधं वाटलं होतं. फैजपूरकडच्या, बोदवडच्या आणि आपल्या धुळ्याकडच्या शाळा निवडल्या. काही वर्गांत शिक्षकांनी प्रत्येक बरोबर उत्तराला ‘शाबास, छान केलंस’ म्हणायचं. काही वर्गांत कौतुकाचा शब्दही काढायचा नाही, रोजच्यासारखं शिकवायचं. मग सगळ्यांना एक अवघड कोडं द्यायचं आणि कोण किती वेळ झुंजतं ते बघायचं. फैजपूरकडच्या एका बाईंना शाबास म्हणणं इतकं आवडलं की त्या मलाही येताजाता शाबास म्हणायला लागल्या. धुळ्याकडच्या एका गुरुजींचा मात्र घामटा निघाला. “मॅडम, तोंडमाईन निंघतच नही,” म्हणाले. मी त्यांच्याकडून शाबास म्हणण्याचा सराव करून घेतला. हजेरी घ्यावी तशा आवाजात ते ‘शाबास’ म्हणायचे आणि पोरं घाबरून उभी राहायची. मला हसू आवरेना आणि त्यांच्या जागी तुम्ही दिसायला लागलात.

आकडे हातात आले तेव्हा मात्र हसू पळालं. कौतुक केलेल्या वर्गांत आणि न केलेल्या वर्गांत फरक निघेना. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “मॅडम, काहीतरी घोळ आहे. पुन्हा जाऊन बघा, नाहीतर हे उभं राहणार नाही.” इतक्या वर्षांची सुट्ट्यांची माती, आणि डिग्री हातची जायची वेळ. मी पुन्हा शाळांमधून फिरले. आपल्या गावापासून जवळच्याच एका शाळेत, जिथं कौतुक करायचं नाही असं ठरलं होतं त्या वर्गात, पहिल्या रांगेतल्या एका मुलीला मी सहज विचारलं, “तुमचे गुरुजी तुझं कौतुक करतात का गं?”

“हां, करतस ना.”

मी चमकले. मला वाटलं, गुरुजींनी ठरलेलं मोडलं. “काय म्हणतात?”

“म्हनतस, पुढलं काढ.”

“अगं, हे कसलं कौतुक?”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला काही म्हणजे काही कळत नाही. “चुकनं ते म्हनतस, पुसी टाक. बरोबर व्हयनं तवयच म्हनतस पुढलं काढ.” आणि बाकीच्या सगळ्या मुली माना डोलवायला लागल्या. शेजारच्या वर्गात विचारलं, तिथंही तेच. माझ्या हिशेबानं ज्या वर्गांत कौतुकाचा टिपूस नव्हता, तिथली मुलं रोज कौतुक ऐकत होती, आणि खूश होती.

शाळेच्या पायरीवर बसून मी सरांना फोन लावला. म्हटलं, सर, माझा सगळा प्रयोग बिघडला. ते म्हणाले, “बिघडला कुठं? तोच तुमचा प्रबंध आहे. मुलं कौतुक कशाला म्हणतात ते लिहा.” मग मुदत वाढवून घेतली, शाळाशाळांतून मुलांशी बोलत बसले आणि अर्ध्याहून जास्त प्रबंध नव्यानं लिहिला. आता लगेच तुम्ही मिशीत हसू नका. एका मुलीच्या बोलण्यावरून नाना माझं रोज कौतुक करत होते असा निष्कर्ष मी काढणार नाही. असल्या पुराव्यावर आमचे सर मला दारातही उभं करणार नाहीत. ती मुलगी ती आहे आणि मी मी आहे. मला शाबास हवं होतं, ते तुमच्याकडूनच हवं होतं, आणि ते मिळालं नाही याचं वाईट मला आजही वाटतं. पण तुम्ही चुकलात हे सिद्ध करण्याचं काम आता माझ्याकडे राहिलेलं नाही. लग्नघरातून परत येऊन पायातली नवी चप्पल काढावी, तसं हलकं वाटतं आहे.

व्हायवात तज्ज्ञांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. “कौतुकाची व्याख्या तुम्ही आधी कशी ठरवली होती?” मी प्रबंधाची प्रत मिटून ठेवली. मग म्हटलं, “माझ्या सोयीनं, सर. मुलांना विचारलं नव्हतं.” मार्गदर्शक सर छताकडे बघायला लागले. तज्ज्ञ मात्र हसले, आणि पुढचे सगळे प्रश्न त्यांनी गप्पा मारल्यासारखे विचारले. बाहेर आल्यावर आईला फोन केला. ती आता धुळ्याला लेकाकडे, आपल्या भाऊकडे असते, कान जरा कमी झाले आहेत. “काय व्हयनं वं?” तिनं विचारलं. मी म्हटलं, “जमनं कसंतरी.” पलीकडे ती इतकी हसली की तिला ठसका लागला. “बठ्ठी बापवर गयी!” म्हणाली, आणि भाऊला हाका मारत सुटली.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही. तुम्ही असतात तरी लाल पेनानं ऱ्हस्वदीर्घ तपासून तेवढं परत केलं असतंत. फक्त एक गोष्ट कबूल करायची राहिली आहे. प्रबंधाचं पहिलं पान सगळेजण आईवडिलांना अर्पण करतात. माझ्या प्रबंधात ते पानच नाही. जळगावच्या टायपिंगच्या दुकानात त्या माणसानं पांढरंशुभ्र पान पडद्यावर आणून ठेवलं होतं आणि विचारलं होतं, “मॅडम, अर्पण कुणाला लिहू?” तुमचं नाव ओठांवर आलं होतं, नाना. मी पानावर नजर टाकली आणि म्हटलं, “पुढलं काढा.”