पन्नास मिनिटांवरचा मुलगा

प्रिय धाकट्या,

फोन सोडून ताई पत्र कशाला लिहितेय, असं तुला वाटेल. फोनवर मी तुझ्या घरी येण्याचा विषय काढला की तू "बघतो, कळवतो" म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्र निदान शेवटपर्यंत वाचशील. चष्म्याच्या दुकानात आज गिऱ्हाईक नाही, म्हणून काउंटरवरच लिहायला बसलेय.

तुमच्या-आमच्या शहरांमधलं सकाळचं विमान बंद झालं. आता आठवड्यातून तीनदाच, तेही दुपारी. आई मात्र अजून शेजारणीला सांगते, "माझा मुलगा पन्नास मिनिटांवर राहतो." रस्त्याने अख्खा दिवस लागतो, हे ती सोयीस्करपणे गाळते.

बाबा गेले त्या दिवशी धुकं होतं. आता सुटेल, मग सुटेल म्हणत तुला विमानतळावर दुपारपर्यंत बसवून ठेवलं आणि शेवटी विमान रद्द केलं. तू टॅक्सीने घाट चढून पोचलास, तोवर सगळं आटोपलं होतं. एक बूट काढून तू दारातच उभा राहिलास आणि मामा सगळ्यांसमोर म्हणाले, "थोडं आधी निघायचं होतंस." ते वाक्य तुला किती लागलं, ते मी पाहिलं. आई काहीच बोलली नाही, आणि तिलाही तेच म्हणायचंय असं तू धरून चाललास. अरे, ती तेव्हा कुणाशीच बोलत नव्हती. मला चहा हवा का, हेसुद्धा तिने हातानेच विचारलं होतं.

त्यानंतर तू आला नाहीस. रविवारचा फोन तेवढा चुकवत नाहीस.

आईची बस स्थानकावरची नोकरी आठवते? गाड्या पुकारून पुकारून घरातही तोच सूर लागायचा. तुला जेवायला हाक मारली की गल्लीतली परकी पोरंही खेळ टाकून आपापल्या घरी पळायची. तीच आई हल्ली फोनवर दोन शब्द बोलून माझ्याकडे देते. परवा तू विचारलंस, "आई रागावलीय का?" मी म्हटलं, घसा बसलाय. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

तिच्या स्वरयंत्रात गाठ आहे. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला ऑपरेशन आहे. तुला कळवायचं नाही, अशी शपथ घातलीय तिने मला. म्हणते, "धावत सुटेल, पुन्हा काहीतरी अडेल, आणि पुन्हा स्वतःला खात बसेल." शपथ मी आज मोडतेय.

काल मी घरी गेले तर ती ओट्यापाशी एकटीच तुझं नाव घेत होती, हळू, पुन्हा पुन्हा. मला पाहून ओशाळली. म्हणाली, "बघत होते, निघतंय का." अजून निघतंय रे, फाटकं का होईना. तुला काहीतरी सांगायचंय तिला. मी निरोप देते म्हटलं तर मान हलवून नाही म्हणाली. तिला ते तुला समोरासमोरच सांगायचंय. म्हणून हे पत्र. विमानाच्या भरवशावर राहू नकोस. मिळेल त्या गाडीने ये, पण ऑपरेशनच्या आधी ये.

तुझीच, वाट बघणारी,
ताई