कट्टि आणि कट्टी

१२ जाने. ९५, गुरु.
सुईच्या तपासणीचा निकाल आला. कॅन्सरच. डाव्या स्तनात, शेंगदाण्याएवढी गाठ. "अगदी सुरुवातीला सापडली, नशीब समजा," सर्जन म्हणाले. मी नशीब समजायच्या आत पुढचं वाक्य: पूर्ण स्तन काढू, पोंगल झालं की लगेच. आणि मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "एडुत्तुडुंग डॉक्टर." काढून टाका. घरातला जुना पंखा काढायला सांगावा तसं!
निघताना तिथला तरुण डॉक्टर जिन्यात हळूच म्हणाला, मद्रासला एकदा विचारून या. सगळा काढावाच लागतो असं नाही.
रडले नाही. डोकं उलट लख्ख आहे. नववीची गणितं तपासून टाकली.

१३, शुक्र.
मोपेड आज जरा जोरातच हाणली शाळेपर्यंत. सगळा काढावाच लागतो असं नाही. सगळा काढावाच लागतो असं नाही. वर्गात मुली बघत होत्या, बाईंना झालंय काय.
संध्याकाळी ह्यांना सांगितलं. "कशाला विचारायचं? थोडं राहिलं तर परत येईल." म्हटलं, "अंग माझं हे. मी विचारणार." तेव्हापासून अबोला. कॉफीचा डवरा-पेला उचलतात, ठेवतात, पेपरात तोंड.

१६, सोम. पोंगलची सुटी
पुण्याला फोन. भाऊ आनंद घरी नव्हता, त्याची बायको स्मिता होती. बूथबाहेर रांग, सगळे ओळखीचे, म्हणून दबक्या आवाजात सांगितलं, "स्मिता, मला कट्टि झाली हे. लवकर कळलं म्हणून बरं." आपल्या तंजावरच्या मराठीत गाठ म्हणतं कोण, तमिळ कट्टिच येतं तोंडात.
तिकडून पुणेरी किंचाळी: "कट्टी? भावजींशी? अहो अक्का, संक्रांतीला कसली कट्टी! तिळगूळ द्या आणि बोलायला लागा!"
मी इतकी हसले की बूथवाल्याने काचेतून डोकावलं. मग "अगं, गाठ. छातीत," म्हटल्यावर ती रडायलाच लागली. तिची समजूत काढता काढता लक्षात आलं, पोरगी चुकून खरं बोलली. मला दोन्ही झाल्यात.
घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. तिळगूळ नव्हता, वाटीभर साखरपोंगल पुढे ठेवलं. हसू दाबताना मिशी हलली. खाऊन झाल्यावर म्हणाले, "मद्रासची तिकिटं काढतो."

२०, शुक्र. मद्रास
काय बाई आहे ही डॉक्टर! कागदावर गोल काढून समजावलं. "कट्टि मट्टुम एडुत्ता पोदुम." नुसती गाठ आणि भोवतीचं थोडं काढलं तरी पुरे, पण मग काही आठवडे रोज किरणं, त्यासाठी मद्रासलाच राहायचं. नाहीतर सगळा स्तन. इतक्या लहान गाठीत आयुष्य दोन्हीकडे सारखंच, म्हणाल्या. नुसती गाठ काढली तर तिथेच पुन्हा उगवायची धास्ती थोडी जास्त. कडा स्वच्छ निघाल्या नाहीत तर पुन्हा टेबलावर. काही लपवलं नाही. मग पेन खाली ठेवलं. तुम्हाला काय हवं?
हे बोलणार तेवढ्यात बाईंनी हात वर केला. "सार, त्यांना विचारतेय."
उठून टाळ्या वाजवाव्यात असं वाटलं. इतक्या वर्षांत मला असं कुणी विचारलंय का? उत्तर लगेच दिलं नाही, मुद्दामच. हातात असू दे थोडा वेळ.
समुद्रावर जाऊन चण्यांचं सुंडल खाल्लं. कॅन्सरवाली बाई, आणि पोटात नुसती गंमत.

२२, रवि. तंजावर
हे ओट्यावर बसले होते. आपणहून म्हणाले, "अम्माचं उशिरा कळलं. तेव्हाच काढलं असतं तर..." त्यांच्या आईला मी पाहिलेलंही नाही. एवढी वर्षं हे आत घेऊन बसलाय हा माणूस. राग उतरला. मत नाही उतरलं.
"मला माझं होना," म्हटलं. हवं म्हणजे हवं.
"आणि परत आलं तर?"
"तर परत भांडू."
भीती मलाही वाटते. आंघोळीच्या वेळी हात तिथेच जातो. पण किरणं घेईन. इतके दिवस मद्रासला एकटी! स्वयंपाक नाही, पेपर नाहीत. रोज समुद्र.

२९, रवि. गाडीत
परवा ऑपरेशन. डॉक्टरबाईंना फोनवर सांगून ठेवलंय: फक्त गाठ. आत काही वेगळं दिसलं तरी परस्पर सगळा काढायचा नाही, मला शुद्धीवर येऊ द्या, मग विचारा. "कट्टायम," म्हणाल्या. नक्की. कडा कशा निघतात ते मात्र त्यांच्याही हातात नाही.
स्टेशनला मोपेडवर आलो, बॅग माझ्या पायाशी. हे पहिल्यांदाच माझ्या मागे बसले. सगळा रस्ता "हळू, हळू." फलाटावर दोन बोटं पुढे केली: "पळम?" इथली पोरं भांडण मिटवताना करतात तसं. केस पिकले तरी!
म्हटलं, बाई पुन्हा विचारतील तेव्हा तुम्ही गप्प बसलात, तर पळम.
"बसेन."
आत्ता पापनाशम. खिडकीशी कॉफीवाला आला, मला विचारलं, "अम्मा, कॉफी?"
हे म्हणाले, "तिला नको."
मी घेतली.