उजवीकडचा वाघ

थोरले दादा श्यांगरुई,

बाबांच्या थडग्याची फरशी मी बसवली, मागचा बांध मी रचला, ज्या फेंगशुईच्या होकायंत्रावर थडग्याची जागा ठरली त्याची तबकडीही मीच कोरली. डोंगर वाचायला मला गुरू नव्हता. डावी टेकडी ड्रॅगनची, ती थोरल्याचं घर भरते. उजवी वाघाची, ती धाकट्याचं. खाणीसाठी तुम्हाला नेमकी उजवीच सापडली. वर परवा दारात येऊन म्हणालात, "वाघ मान वर करून बाबांना खायला उठलाय, एवढंच गावाला सांग, मग टेकडी फोडायला कुणी आडवं येणार नाही. तुझं ऐकतात म्हणे, नवलच आहे." वाघ मान टाकून निजलाय. उद्या गावसभेत तुमच्यासमोर तेच सांगणार आहे, म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही. त्या एका खोट्या वाक्यासाठी तुम्ही पुढे केलेत आणि मी नाकारलेत, ऐंशी हजार युआन.

उजव्या टेकडीखालचा,
मावलिन