परड्यातली घोणस आणि माझ्या मागची व्यवस्था

मी, राजमती भूपाल मगदूम, वय बहात्तर, राहणार कळंबा, ता. करवीर, जि. कोल्हापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहिते. डोकं जागेवर आहे, पाय तेवढे लटपटतात. कुणाची दमदाटी नाही. भीती आहे, ती घोणशीची. उद्या सकाळी सर्पमित्र रिजवान माझ्या घरामागच्या परड्यातला जुन्या कौलांचा ढीग उचलणार. ती कुठल्या फटीतून आत शिरते हे फक्त मला ठाऊक, त्यामुळे दाखवायला मी तिथं उभी असणार. म्हणून हे आजच.

घर, परड्यासकट, मुलगा सम्मेद यास. अट एकच, परड्यात फरशी घालायची नाही. घोणशीचा पत्ता त्याला लागू दिला नाही तो याचसाठी. बँकेतली ठेव व माझ्या पाटल्या नात दीपा हिला. पाटल्या मोडून गाडी घेतलेली मला चालणार नाही.

दुर्बीण राजनंदिनी मॅडमच्या निसर्गलेखनाच्या वर्गाला द्यावी. त्या वर्गात मी सत्तरीत गेले. पहिल्याच लेखात 'रम्य सृष्टी' लिहिलं, मॅडमनी काट मारली. म्हणाल्या, "आज्जी, ही सृष्टी कुठं हाय? तुमच्या परड्यात काय हाय ते लिवा की." परड्यात घोणस होती. आधी ती ऐकू आली. फुत्कार ऐकून मी कुकर समजले आणि गॅस बंद करायला आत धावले. कुकर लावलाच नव्हता! तेव्हापासून खिडकीत बसून, तोंडाने णमोकार मंत्र म्हणत, तिला बघते आणि लिहिते. अंगावर तपकिरी ठिपक्यांची साखळी आहे. देखणी आहे मेली.

माझे सहविद्यार्थी धैर्यशील देसाई यांस दुर्बिणीला हातही लावू देऊ नये. भर वर्गात म्हणाले, "आज्जी, घोणस न्हाय ती, मांडूळ असंल." त्यांना माझे गमबूट द्यावेत. एकदा तरी चिखलात जावोत.

परवा ढिगापाशी पिल्लं दिसली. वीतभर, आईसारखीच. आणि येत्या रविवारी दीपा तिचं रांगतं बाळ घेऊन महिनाभर राहायला येते. दिसेल ते उचलून तोंडात घालणारं बाळ. रिजवानला मीच फोन केला. सगळी पिल्लं सापडतील का, असं विचारलं. म्हणाला, "आज्जी, खोटं कशाला बोलू? एखादं ऱ्हातंयच. आन् पिल्लाचं इख बी इखच."

म्हणून पुढचं नीट वाचावं.

मला चावली तर तिला मारू नये. लांब माळावर नेऊन सोडावी. सम्मेदने रागाच्या भरात काठी उचलू नये. माझं वय झालं, आणि मीच तिच्या दारात गेलेली असेन.

बाळाला चावली, तर मारा. आई असो वा पिल्लू, सापडेल ते मारा. जैनाची बाई मी, जन्मभर पाणी गाळून प्यायले, मुंगी बघून पाऊल टाकलं, आणि हे मीच लिहिते आहे. खोडायला पेन उचललं होतं. खोडवत नाही. मॅडम, माझा घोणशीवरचा लेख अर्धवट राहिला आहे, त्याचा शेवट म्हणून हे कलम घ्यावं. लिहून झाल्यावर मला माझीच भीती वाटली, तेही घालावं.

साक्षीदार:
१. जरीना मुल्ला, शेजारीण. (कलम वाचून "आज्जी, मी बी ह्येच लिवलं असतं" म्हणाली आणि सही केली.)
२. डॉ. विजयसिंह घाटगे. (माझी नाडी बघून. जोरात चालली आहे म्हणाले.)

ठिकाण: कळंबा
दिनांक: १२ जून २०२५

सही: राजमती भूपाल मगदूम
पहिली वाकडी आल्यामुळे पुन्हा सही: राजमती भूपाल मगदूम
दोन्ही माझ्याच समजाव्यात.