तिनं पाणी मागितलं नाय

बाई, आज माझ्याच घरी पाहणीला एक पोरगी आली होती. हसू नका. संस्थेत तुमच्या हाताखाली लागल्यापासून गुडघे जाईपर्यंत मी लोकांची दारं वाजवली, आता माझं दार वाजतंय. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना काय पाहिजे, काय नको, ते लिहून न्यायचं म्हणे. तर माझं असं हाय, की या पावसाळ्यात मी न्हाणीत दोनदा पडले. दुसऱ्या वेळी बराच वेळ ओल्या फरशीवर तशीच पडून होते, आणि कडी आतून लावलेली. तिसऱ्यांदा पडले तर उठेन का नाय, देव जाणे. लेकाला सांगितलं नाय, तो लगेच पुण्याला उचलून नेईल. आणि ही पोरगी विचारायलाच आलेली, तर तिलाही नाय सांगितलं.

सांगणार तरी कसं? खुर्चीच्या कडेवर बसली, पाठीवरची पिशवी काढली नाय, नजर मोबाईलात. "आजी, आंघोळीसाठी मदतीची गरज भासते का? नेहमी, कधीकधी, की कधीच नाही?" मी म्हटलं, "नळाला पाणी आलं की करते मी आंघोळ. त्यात नेहमी, कधीकधी काय?" "तसं नाही हो आजी, तीनमधलं एक सांगा ना." "मग टाक कधीच नाय." तिनं टाकलं पण! मान वर न करता. मग म्हणे, "एकटेपणा जाणवतो का?" मी म्हटलं, "तू आल्यापास्नं तर नाय." हसेल म्हटलं, तर ती बिचारी तीनमधलं शोधत बसली. "म्हणजे कधीकधी लिहू?" मधेच पिशवीतली स्वतःची बाटली काढून दोन घोट प्यायली, झाकण लावलं, पुढचा प्रश्न. तिथंच माझं डोकं फिरलं. दोन वर्षं कॉलेजात हेच शिकून आली म्हणाली, आणि दुसऱ्याच्या घरात बसून आपल्या बाटलीचं पाणी पिते!

तुम्ही मला पहिल्यांदा वस्तीत नेलं तो दिवस आठवला. सातवी पास असल्याचा मला लय तोरा. वही काढली, पेनाचं टोपण उघडलं, आणि तुम्ही माझ्या हातातली वही घेऊन सरळ पिशवीत टाकली. "पहिल्या दिवशी माहिती मागायची नाही. पाणी मागायचं. आपण त्यांच्या हातचं पितो का, ते लोक आधी बघतात. मग ठरवतात, बोलायचं की नाही." मला ते नाटक वाटलं होतं, आज खरं सांगते. ऊन डोक्यावर, दहा घरं बाकी, आणि तुम्ही तांब्या हातात धरून कुणाच्या तरी शेळीची चौकशी करताय. मी दारात उभी, चुळबुळ करत.

आणि ती झेंडूवाली आठवते? नवरा गेलेला, दोन पोरी, दुसऱ्याच्या मळ्यात फुलं तोडायची आणि दुपारी हार ओवून फुलबाजारात पाठवायची. तिच्याकडं तुम्ही मला एकटीला धाडलं. मी उंबऱ्यात उभ्या उभ्या विचारलं, काय अडचण हाय? ती म्हणाली, "काय नको, ताई." मी लिहिलं, शिलाई मशीन. तेव्हा विधवा बाई दिसली की मशीन, हे ठरलेलंच असायचं आमचं, विचारायची गरजच नाय. मशीन आलं, तिनंच ओवलेला हार त्याला घातला, फोटो काढले. चार महिन्यांनी तुम्ही माझ्याबरोबर आलात तर मशीनवर गोधड्यांचा ढीग! मी चिडले. तुम्ही पाणी मागितलं, प्यायलात, खाली बसलात आणि सुई घेऊन तिच्याबरोबर हार ओवायला लागलात. तासभर, एक प्रश्न नाय. तुमची बोटं पिवळी झाली, मी जांभया देतेय. आणि आपण उठल्यावर ती आपणहून म्हणते, "बाई, न्हाणीला दार असतं तर बरं झालं असतं. पोरी मोठ्या झाल्यात." गोणपाट लावलेलं होतं हो तिथं. मी दोनदा त्याच्या शेजारनं गेले होते.

रस्त्यानं मी कुरकुरले, "मी विचारलं होतं की! तीच म्हणाली काय नको." तुम्ही भर रस्त्यात थांबलात. "काय नको म्हणजे आतून लावलेली कडी असते, अगं. बाहेरून कितीही वाजवली तरी निघत नाही. आणि तू तर बसलीही नाहीस." चार दिवस बोलले नाय मी तुमच्याशी. पुढं त्या न्हाणीला पत्र्याचं दार लागलं, तेव्हा मीच बिजागऱ्या आणायला गेले, तरी तोंड फुगलेलंच.

आज मीच "काय नको, काय नको" करत बसले. लागतंय काय मला? न्हाणीच्या भिंतीला धरायला एक लोखंडी दांडा. बस. पण तिच्या मोबाईलात आता गेलं असेल, आजीला कसलीच गरज नाय. जाताना म्हणाली, आधार कार्डाचा फोटो नीट आला नाही, सोमवारी परत येते. म्हटलं ये बाई, कार्ड पळून जात नाय.

हे पत्र पोस्टात टाकायचं नाय, वहीतच राहणार, म्हणून लिहिते. तिनं पाणी मागितलं नाय, पण मी तरी कुठं विचारलं? दारात आलेल्या माणसाला पाणी विचारलं नाय, असं या घरात कधी झालेलं नाय. माठ आत हाय. तिथवर जायला मला भिंत धरावी लागते, आणि ती खुर्चीतनं बघत राहिली असती. म्हणून उठलेच नाय.

सोमवारी तिनं मोबाईल काढायच्या आत म्हणेन, थांब, पाणी आणते. आणि उठेन, भिंत धरून.