जीर्ण प्रत

सोमवार, ६
प्रवास सुखाचा झाला. तर्कशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेले. निवृत्तीनंतर आमच्या भागातले वाचनालय सांभाळतो. माझी भाची तिथे सहायक आहे, म्हणून ग्रंथपालांच्या या उजळणी वर्गाला दोघेही आलो. इमारत प्रसन्न आहे: उंच खिडक्या, आरशासारखी फरशी, तालिकेचे, म्हणजे ग्रंथांच्या नोंदपत्रांचे, खण बोटाने ओढले तरी सरकतात. तळघरात पुस्तकबांधणीची खोली आहे. तिथले कागद कापायचे यंत्र कौतुकाने पाहिले. दांडा ओढला की जाड गठ्ठाही लोण्यासारखा कापला जातो.
येताना भाची म्हणाली, मामा स्वर्गात गेले तरी आधी तिथली तालिका तपासतील, आणि यांच्या युक्तिवादाला तर शेवटच नसतो. मी तिला सुनावले की शेवट नसलेल्या युक्तिवादाला अनवस्था म्हणतात, आणि तो दोष माझ्या हातून आजवर घडलेला नाही. बरं बाबा, म्हणून तिने हात जोडले.

मंगळवार, ७
संचालिकाबाई मृदू बोलतात. शीर्षक पाहून वर्गीकरण करणे हा आळस. वाचल्याविना विषय ठरवू नये, हे त्यांचे मत मला पूर्ण मान्य आहे. सरावासाठी त्यांनी शेजारच्या माणसाचेच तालिकापत्र लिहायला सांगितले. माझ्या शेजारी दोन भाऊ होते, दोघेही ग्रंथपाल. थोरल्याचा एक पाय लाकडी. बोलणे एक, हसणे एक, मतेही एकच. मी धाकट्याच्या पत्रावर लिहिले: थोरल्याचीच दुसरी प्रत, बांधणी तेवढी नवी. वर्ग खो खो हसला. सर्वांत मोठ्याने थोरला.
बाई हसल्या नाहीत. त्यांनी पत्रावर शिक्का मारला आणि नियम सांगितला: एका ग्रंथाच्या दोन प्रती ठेवू नयेत. जिची पाने गेली ती जीर्ण. ती बाद करावी, दुसरी घरी पाठवावी.

बुधवार, ८
थोरला वर्गात दिसला नाही. दुपारी तळघरात उतरलो. तो यंत्राखाली पालथा होता. पुस्तकाची शिवण उसवावी तसा त्याचा कणा मानेपासून कमरेपर्यंत मोकळा केलेला. बाइंडर पाते पुसत होता. काम स्वच्छ झाले, असे तो सहज म्हणाला.
धाकट्याला घरी सोडले. जाण्यापूर्वी त्याने माझ्याकडे पाहत एक तालिकापत्र लिहून बाईंकडे शिक्क्यासाठी दिले. भाचीचे. मजकूर: मामाचीच दुसरी प्रत.
माझेच वाक्य माझ्याच गळ्यात आले.

गुरुवार, ९
दाराला कुलूप आहे. पहारेकरी म्हणतो, आजोबा, बाईंच्या शिक्क्याशिवाय इथून चिठोरेही बाहेर जात नाही.
बाईंपुढे युक्तिवाद मांडला. प्रत तीच, जिचा मजकूर शब्दशः तोच असतो. आम्हा दोघांचा मजकूर भिन्न. म्हणून नियम लागू नाही. बाई म्हणाल्या, मांडणी निर्दोष आहे, पण उघडून वाचल्याशिवाय मजकूर भिन्न कसा मानायचा? वाचनाचा आग्रह तर तुमचाही. तर मग दोघांनाही उघडू.
मी युक्तिवाद मागे घेतला. दोन्ही प्रती अखंड असतील तर जुनी जाते, असे त्यांनी सांगितले. म्हणजे मी. निष्कर्ष स्पष्ट, मन शांत झाले.

शुक्रवार, १०
भाचीने यंत्राखाली हात घातला. दांडा स्वतःच ओढला. चार बोटे फळीवर—
पांढरीफटक पडली आहे आणि हसते आहे. म्हणते, पाने माझी गेली, मामा, आता जीर्ण मी; खांद्यावर बसवून वाचायला शिकवलेत, त्याची परतफेड समजा.
बाईंनी मान डोलावली. उद्या ती.
नाही.

शनिवार, ११
तळघर. डावा हात मनगटापासून गेला. बाइंडरने दांडा ओढायला मदत केली. वर फडके करकचून—भिजते आहे—
बाई म्हणाल्या, निर्विवाद. बाद मी. तिच्यासाठी दार उघडले. कुलपाचा आवाज ऐकला. सुटली पोर.

पावले. बाहेर जाणारी नव्हेत. जिन्यावर—खाली—
ती दारात. मामा, सरका, म्हणते. तिचा धड हात पात्याखाली—
पोरी, थांब. तू, मग मी, मग पुन्हा तू. याला शेवट नाही. यालाच तर—